ओव्हरहॉल केलेलं बोटीचं इंजिन रेस देताच मान टाकतं: कार्ब्युरेटर बदलण्याआधी काय तपासायचं आणि बदलायचाच तर कोणता घ्यायचा

इंजिन उघडलं, रिबोअर केलं, नवे पिस्टन-रिंग टाकले, हेडचं काम झालं, कॅमशाफ्टही नवा बसवला. बोट पाण्यात उतरली आणि लिव्हर पुढे ढकलताच इंजिन गुदमरलं. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: "कार्ब्युरेटर नवाच टाकलाय हो, मोठा टाकलाय." घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. उरलेल्या वेळी कार्ब्युरेटर निर्दोष असतो आणि दोष टाकीच्या व्हेंटमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) किंवा टायमिंगमध्ये (प्लगची ठिणगी पडण्याच्या वेळेत) सापडतो.

हे सगळं कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या, बोटीच्या आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे इनबोर्ड आणि स्टर्नड्राइव्ह. आउटबोर्डचा हिशेब वेगळा असतो.

लक्षणं

- न्यूट्रलला स्लो व्यवस्थित, गिअर टाकला की इंजिन बंद.
- लिव्हर झटकन पुढे केली की क्षणभर काहीच नाही, मग कार्ब्युरेटरच्या तोंडातून एक फटका, आणि त्यानंतर उचल. तीच लिव्हर हळूहळू ढकलली तर इंजिन निमूट वेग घेतं.
- प्लेनवरून (बोट वेगात पाण्यावर उचलून सरकते त्या स्थितीतून) खाली येताना लिव्हर मागे घेतली की बंद पडतं. पुन्हा सेल्फ मारला की आधी काळा धूर, मग चालू.
- मागच्या फळीवर काजळी, प्लग काळे आणि कोरडे.
- पूर्ण उघडूनही पुस्तकात दिलेले आरपीएम गाठत नाही.
- प्लग पांढरेफटक, जोर पडला की धातूची खडखड.
- डिपस्टिकला पेट्रोलचा वास, ऑईलची पातळी वाढलेली.

शेवटची दोन लक्षणं दिसली तर इंजिन पुन्हा सुरू करू नका. खडखड म्हणजे मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा टायमिंग फार पुढे आहे, आणि नवे पिस्टन त्यात काही मिनिटांत जळू शकतात. ऑईलमधलं पेट्रोल बेअरिंगवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. एवढ्या कष्टाने बांधलेलं इंजिन पहिल्याच आठवड्यात पुन्हा खोललेलं मी पाहिलं आहे, ते याच दोन कारणांनी.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. मोटारीखाली ती वाऱ्याने उडून जाते, बोटीत ती खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साचून राहते आणि तिथे एक ठिणगी पुरते. म्हणून इंजिनाचं झाकण उघडा, ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवा, खाली वाकून स्वतः वास घ्या. पेट्रोलची लाइन सोडायची असेल तर आधी बॅटरीची वायर काढा. अग्निशामक हाताशी ठेवा. वास येत असेल तर तपासणीची सुरुवात गळती शोधण्यापासून, बाकी सगळं नंतर.

पेट्रोल, टाकी, फिल्टर

ओव्हरहॉलला महिने लागतात. इंजिन बाहेर असताना टाकीत पेट्रोल तसंच पडून असतं, ही गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर ते आधी पाणी शोषून घेतं आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल-पाण्याचा जड थर एकदम खाली बसतो. इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी नेमकी टाकीच्या तळातून ओढते. अशा वेळी टाकी रिकामी करणं हाच उपाय आहे, ताजं पेट्रोल वर ओतून भागत नाही.

दुसरी तपासणी फुकट आहे. पूर्ण वेगात पाच-दहा मिनिटांनी इंजिन ढिलं पडत असेल तर टाकीचं झाकण सैल करून पाहा. त्याने सुधारलं तर टाकीचा व्हेंट तुंबला आहे. व्हेंटच्या जाळीत किडे घर करतात, आणि महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या बोटीत तर हमखास. त्याने फरक पडला नाही तर टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह पाहा. तो लहानसा, स्प्रिंगचा असतो आणि गंजून अर्धा अडकतो. तो काढून टाकून काम भागवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. लाइन फुटली तर संपूर्ण टाकी बिल्जमध्ये रिकामी होऊ नये यासाठी तो तिथे बसवलेला असतो.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे धक्क्याला बांधलेल्या बोटीत, झाकण उघडं ठेवून, ताज्या पेट्रोलची वेगळी टाकी थेट पंपाला जोडा. इंजिन सुरळीत झालं तर कार्ब्युरेटरची किंमत वाचली. एक मात्र ध्यानात ठेवा: धक्क्याला बांधलेल्या बोटीत इंजिनावर पूर्ण जोर पडत नाही, त्यामुळे वेगात येणारी तक्रार इथे दिसेलच असं नाही.

हवा आणि केबल

फ्लेम अरेस्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा अडवणारी जाळी) काढा, सॉल्व्हंटने धुवा, वाळवून परत बसवा. तेलकट झालेली जाळी हवा अडवते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. त्याच्याशिवाय इंजिन "फक्त बघायला म्हणून" सुद्धा चालवू नका. वर सांगितलेला तो फटका, म्हणजे बॅकफायर, उघड्या तोंडातून ज्वाळा बाहेर टाकतो.

अरेस्टर निघालेलाच आहे तर इंजिन बंद ठेवून कुणाला तरी लिव्हर पूर्ण पुढे करायला सांगा आणि वरून टॉर्चने बघा. बटरफ्लाय (थ्रॉटलच्या गोल झडपा) अगदी उभे झाले पाहिजेत. इंजिन परत बसवताना केबलचा ब्रॅकेट एखाद्या छिद्राने सरकलेला असतो आणि थ्रॉटल तीन-चतुर्थांशच उघडतो. मग मालक म्हणतो इंजिनात दम नाही. लिव्हर हलवताना अ‍ॅक्सिलरेटर पंपाची धारही पाहून घ्या. लिव्हर हलताक्षणी दोन्ही नोझलमधून ठसठशीत धार आली पाहिजे. उशिरा आली, किंवा एकीकडूनच आली, तर झटक्यात रेस दिल्यावर होणाऱ्या गुदमरीचं कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे आणि दुरुस्ती एका डायाफ्रॅमची आहे.

चोक गरम झाल्यावर पूर्ण उभा राहतो ना, तेही बघा. इलेक्ट्रिक चोकला इग्निशनच्या किल्लीवरून १२ व्होल्ट हवेत. इग्निशन कॉइलवरून वायर घेतली तर चोकही अर्धवट आणि ठिणगीही अशक्त.

व्हॅक्यूम गेज

एकच उपकरण घ्यायचं असेल तर हे घ्या. मॅनिफोल्डला जोडून, इंजिन गरम असताना, स्लोवर वाचा. मूळ पद्धतीचा कॅम असलेलं निरोगी इंजिन साधारण १५ ते २० इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो.

कमी पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठून तरी हवा आत शिरते आहे. ओव्हरहॉलनंतर हवा शिरण्याच्या जागा ठरलेल्या: इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, आणि दोन वेगळ्या मापांचे फ्लँज जुळवायला टाकलेली अ‍ॅडॉप्टर प्लेट. मोटारीच्या गॅरेजमध्ये अशी गळती शोधायला क्लीनरचा स्प्रे मारतात. बोटीत तो मारू नका, ज्वलनशील फवारा बिल्जमध्येच उतरतो. साबणाचं पाणी वापरा. जिथे लावल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो तिथे गळती.

काटा एका लयीत थरथरत असेल तर एखाद्या व्हॉल्व्हचा प्रश्न असू शकतो. तिथे कार्ब्युरेटरचा विषय थांबवून कॉम्प्रेशन मोजायचं.

टायमिंग आणि पंखा

कार्ब्युरेटरच्या म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी मी टायमिंग लाइटने मिटवल्या आहेत. डिस्ट्रिब्युटर काढून परत बसवताना काही अंश इकडेतिकडे होणं अगदी सहज घडतं. टायमिंग मागे असेल तर उचल मंद, एक्झॉस्ट तापलेला. नुसतं स्लोवर जुळवून थांबू नका, आरपीएम वाढवत नेताना खूण पुढे सरकते का ते पाहा. अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) गंजून अडकली असतील तर स्लो उत्तम आणि वेगात रडगाणं, असंच होणार. डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली तर मोटारीचा घेऊ नका. मरीन डिस्ट्रिब्युटरची ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये अशी बांधणी असते, आणि त्याचा अ‍ॅडव्हान्सही वेगळा असतो.

पंखा, म्हणजे प्रोपेलर, लोक विसरतातच. पूर्ण उघडल्यावर इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत जात नसेल आणि प्लग, व्हॅक्यूम, टायमिंग सगळं ठीक असेल, तर पंखा जड असू शकतो. पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. मोटारीने चौथ्या गिअरमध्ये घाट चढावा तसं जड पंख्याचं इंजिन चालतं. त्याला कितीही मोठा कार्ब्युरेटर दिला तरी तो घाट काही सपाट होत नाही.

फ्लोट, पंपाचं प्रेशर, स्लोचे स्क्रू

इथून पुढे कार्ब्युरेटर उघडायचा आहे. प्लेनवरून उतरताना बंद पडणाऱ्या बोटीत मी आधी फ्लोटची पातळी बघतो, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये (पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल किती उंचीला राहतं ते. बोट एकदम मंदावली की बाउलमधलं पेट्रोल पुढे उसळतं, पाठोपाठ मागची लाट येऊन बोट उचलते. पातळी थोडी जरी जास्त असेल तरी पेट्रोल व्हेंटमधून घशात सांडतं आणि इंजिन बुडतं. मोटारीला खपून जाणारी पातळी बोटीला खपत नाही. पातळी बरोबर असूनही बाउल वाहत असेल तर नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे किंवा पंपाचं प्रेशर जास्त आहे. बहुतेक चार बॅरलच्या (हवेच्या चार वाटा असलेल्या) कार्ब्युरेटरना ५ ते ६ पीएसआय पुरतं. ओव्हरहॉलच्या निमित्ताने कुणी इलेक्ट्रिक पंप टाकला असेल तर गेज लावून मोजाच.

स्लोचं मिश्रण जुळवताना एक साधी परीक्षा आहे. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. इंजिन मंदावलं पाहिजे. काहीच फरक पडत नसेल तर स्लोचं पेट्रोल त्या वाटेने येतच नाही. स्लो टिकवायला थ्रॉटल इतका उघडून ठेवला आहे की पुढचं ट्रान्सफरचं भोक उघडं पडलं आहे आणि पेट्रोल तिथून ओढलं जातं आहे. मग रेस देताना त्या भोकाकडे द्यायला काही उरत नाही, आणि तीच ती गुदमर. कॅम जास्त ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे ठेवणारा) असला की हे होतं. आणि स्लो नेहमी बोट पाण्यात, नीट बांधून, गिअर टाकून जुळवा.

तरीही तक्रार आहे: तर मापात घोळ आहे

इतकं सगळं ठीक निघालं तर मग कार्ब्युरेटरकडे बोट दाखवायचा हक्क आपल्याला मिळतो. लोक मोठा का घेतात? "इंजिन रिबोअर केलंय, आता जास्त हवा लागेल" म्हणून. ४ इंचांचा बोअर ३० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला तर क्षमता वाढते दीड टक्का. दीड टक्क्यासाठी ६०० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारा) कार्ब्युरेटर काढून ७५० चा टाकण्यात काहीच तथ्य नाही.

गणित सोपं आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणून लिटरमधली क्षमता गुणिले सर्वाधिक आरपीएम, भागिले २. त्याला ०.८५ ने गुणा, कारण सिलेंडर पूर्ण भरत नाही. आलेले लिटर २८.३ ने भागले की मिनिटाला किती घनफूट, म्हणजे सीएफएम, ते मिळतं. ५.७ लिटरचं व्ही-८, ४८०० आरपीएम: सुमारे ४१० सीएफएम. ३ लिटरचं चार सिलेंडर, तेवढेच आरपीएम: सुमारे २१५.

मग ५.७ ला ६०० चा कार्ब्युरेटर सर्रास का असतो? चार बॅरलचा आकडा दीड इंच पाऱ्याच्या ओढीवर मोजलेला असतो. ४१० चाच बसवला तर पूर्ण वेगात तेवढी ओढ सतत लागेल आणि इंजिन जखडल्यासारखं होईल. ६०० चा असला तर तीच हवा पाऊण इंचाच्या आत मिळते. ७५० ला ती अर्ध्या इंचाच्याही खाली जाते, आणि व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) हवेचा वेग इतका मंदावतो की जेटमधून पेट्रोल उचलायला जोरच उरत नाही. लिव्हर ढकलली, हवा आत धावली, पेट्रोल मागे राहिलं. इंजिन मान टाकतं ते या क्षणी. म्हणून पूर्ण वेगात व्हॅक्यूम गेज वाचा. दीड इंचाहून जास्त दिसलं तर कार्ब्युरेटर लहान, काटा शून्याला चिकटला तर मोठा.

दोन बॅरलचा आकडा तीन इंचांवर मोजतात, त्यामुळे दोघांची थेट तुलना करू नका. दोन बॅरलच्या आकड्याला १.४१ ने भागा. ३५० चा दोन बॅरल म्हणजे चार बॅरलच्या भाषेत सुमारे २५० चा.

माझा सल्ला साधा आहे. कॅम मूळ मापाचा असेल तर त्या इंजिनावर कारखान्यातून आलेल्या नंबरचाच कार्ब्युरेटर घ्या, किंवा जुना नीट किट टाकून बांधा. तो मिळतच नसेल तर मरीन म्हणून बनवलेला, गणितात बसणारा आणि सेकंडरी (जास्त हवा लागली की उघडणारे मागचे बॅरल) व्हॅक्यूमवर उघडणारा घ्या, कारण अशा सेकंडरी इंजिन मागेल तेवढ्याच उघडतात. फ्लँज मॅनिफोल्डशी जुळणारा असू द्या. क्वाड्राजेटसारख्या स्प्रेडबोअरच्या (मागचे बॅरल मोठे) जागी स्क्वेअरबोअर (चारही बॅरल साधारण सारखे) बसवायला अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण गळतीची एक जागा वाढते आणि हवेच्या वाटेत पायरी येते.

मोटारीचा कार्ब्युरेटर बोटीत बसवू नका. दिसायला दोन्ही सारखे असतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मरीन कार्ब्युरेटरचे व्हेंट वळवून घशात सोडलेले असतात आणि थ्रॉटलच्या शाफ्टवर खाचा असतात. बाउल भरून वाहिला तर पेट्रोल इंजिनात जातं, बाहेर ठिबकत नाही. अमेरिकेच्या बोट-नियमात तर फ्लोट व्हॉल्व्ह उघडा अडकला असतानाही ३० सेकंदांत ५ घन सेंटिमीटरपेक्षा जास्त पेट्रोल गळू नये, अशी मोजून अट घातली आहे. मेकॅनिकल पंपाचंही तसंच आहे. डायाफ्रॅम फाटल्यावर पेट्रोल बिल्जमध्ये जाऊ नये अशी सोय मरीन पंपात असते. काहींत त्यासाठी एक पारदर्शक नळी असते, तिच्यात पेट्रोल दिसलं की पंप त्याच दिवशी बदलायचा.

जेट मोटारीच्या अंदाजाने बारीक करू नका. मोटार उतारावर विसावा घेते, बोटीचं इंजिन तासन्‌तास भारावर चालतं. पॉवर व्हॉल्व्ह (भार वाढून व्हॅक्यूम कमी झाला की जास्तीचं पेट्रोल देणारा) वेळेवर उघडला नाही तर क्रूझिंगलाच मिश्रण लीन राहतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. उलट, कॅममुळे स्लोचा व्हॅक्यूम कमी असेल तर तोच व्हॉल्व्ह स्लोवरही उघडा राहून प्लग काळे करतो. स्लोच्या व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याच्या पॉवर व्हॉल्व्हपासून सुरुवात करा आणि प्लग बघत पुढे जा. प्लग वाचायचे ते लांब क्रूझनंतर. मात्र पूर्ण वेगात किल्ली बंद करू नका, मागून येणारी लाट एक्झॉस्टमध्ये शिरू शकते.

आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना अनोळखी कार्ब्युरेटर नकोच. फ्लॅट टॅपेटचा (रोलर नसलेल्या टॅपेटचा) नवा कॅम असेल तर इंजिन चालू होताच सुमारे २००० आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवावं लागतं. स्लोवर ते चाचपडत राहिलं, किंवा नुसताच सेल्फ मारत बसलात, तर कॅमचे लोब तिथेच झिजतात. बाउल आधी भरून घ्या, टायमिंग आधी जुळवा, इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपाला पाणी मिळतंय याची खात्री करा, मगच किल्ली फिरवा.

इथे थांबा आणि मरीन मेकॅनिकला बोलवा

पेट्रोलचा वास येतो पण गळती सापडत नाही. भारावर खडखड होते आणि टायमिंग बरोबर आहे. दोन सिलेंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक आहे. टाकी किंवा टाकीपासूनची लाइन उघडावी लागणार आहे. दोनदा जेट बदलूनही प्लगचा रंग हलत नाही. अशा वेळी मिश्रण मोजायला एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याच्या आधी सेन्सर बसवावा लागतो, आणि ते काम घरी होत नाही.

प्लगवर पाण्याचे थेंब दिसले तर सेल्फला हातही लावू नका. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे प्लग काढून ठेवा, बॅटरी सोडवा आणि मेकॅनिकला नीट सांगा की कॅम कोणता टाकला आहे. जास्त ओव्हरलॅपचा कॅम स्लोवर एक्झॉस्टमधलं पाणी उलटं ओढतो. तसं असेल तर कार्ब्युरेटर कुठलाही बसवला तरी कॅम बदलावाच लागेल.